शेरलॉक, वॉटसन आणि मालकाचे रूळ

व्यक्तिनामाचे क्रियापद होणे ही इंग्रजी भाषेत काही अपूर्व घटना नाही. १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यात एका जमीनदाराचे व्यवस्थापक असलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांच्याशी कुळांनी आणि गावकऱ्यांनी सर्व व्यवहार तोडले, आणि त्या गृहस्थांचे आडनाव ‘बहिष्कार टाकणे’ या अर्थाने जगभर गेले. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी कॅलिफोर्नियातील संगणकव्यवसायात असेच आणखी एक क्रियापद रूढ झाले. ते ‘शेरलॉक’ या नावापासून आले आहे. कॉनन डॉयलच्या वाचकाला वाटेल की त्याचा अर्थ ‘छडा लागणे’ असा असावा. प्रत्यक्षात तो अगदी निराळा आहे. एखाद्या छोट्या, स्वतंत्र विकसकाने कल्पकतेने एखादे ॲप घडवावे, त्याला गिऱ्हाईक मिळावे, आणि मग ज्या कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते ॲप चालते तिनेच तशीच सोय आपल्या प्रणालीत फुकट घालून द्यावी, म्हणजे त्या विकसकाचे ‘शेरलॉक’ झाले असे म्हणतात.

या क्रियापदाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखा आहे. अनुकरण, प्रभाव, वाङ्मयचौर्य हे आपल्या वर्गातले नेहमीचे विषय. या विषयांची परिभाषा घेऊन आपण या प्रकरणाकडे गेलो, तर ती परिभाषा कुठवर पुरते आणि कुठे अपुरी पडते हे स्पष्ट दिसते.

१

ॲपल कंपनीने ऑक्टोबर १९९८ मध्ये मॅक ओएस ८.५ ही प्रणाली बाजारात आणली, तेव्हा तिच्यात ‘शेरलॉक’ नावाचे एक शोधसाधन होते. संगणकातील फायली आणि इंटरनेटवरील मजकूर या दोन्हींचा शोध एकाच खिडकीतून घेता यावा, हा त्याचा हेतू. १८८७ साली प्रथम वाचकांसमोर आलेल्या डॉयलच्या गुप्तहेराचे नाव अशा साधनाला शोभणारेच होते.

नोव्हेंबर २००१ मध्ये डॅन वुड यांच्या ‘करेलिया’ या छोट्याशा कंपनीने मॅकसाठी एक नवे सॉफ्टवेअर काढले. त्याचे नाव ‘वॉटसन’. चित्रपटांच्या वेळा, विमानांची ये-जा, शेअरचे भाव, दूरध्वनी-निर्देशिका, भाषांतर अशी रोजच्या गरजेची माहिती वेबपानांच्या गर्दीत न शिरता एका नेटक्या खिडकीत मिळावी, अशी त्याची रचना होती. नाव अर्थातच बोलके होते. शेरलॉकशी स्पर्धा करण्याचा आव त्यात नव्हता. मी त्याचा सहकारी आहे, असा त्याचा सूर होता. ॲपलनेही या सहकाऱ्याचे कौतुक केले. मे २००२ मध्ये विकसकांच्या वार्षिक परिषदेत मॅक ओएस एक्सवरील सर्वांत नवकल्पक उत्पादन म्हणून वॉटसनला ॲपलचा डिझाइन पुरस्कार मिळाला.

पुरस्कारानंतर दोनच महिन्यांनी, जुलै २००२ मध्ये, ॲपलने ‘शेरलॉक ३’ची घोषणा केली. आधीचा शेरलॉक आणि हा शेरलॉक यांत नावापलीकडे फारसे साम्य नव्हते. चित्रपट, विमाने, शेअर, निर्देशिका, भाषांतर ही खाती आता तिथे ओळीने मांडलेली होती, आणि ज्यांनी वॉटसन वापरला होता त्यांना हे घर ओळखीचे वाटणे स्वाभाविक होते. ऑगस्टमध्ये नव्या प्रणालीबरोबर शेरलॉक ३ प्रत्येक ग्राहकाच्या हाती पडले. वॉटसनसाठी मात्र वेगळे पैसे मोजावे लागत होते.

वुड यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी, की स्टीव्ह जॉब्ज यांनी त्यांना स्वतः फोन केला आणि एक दृष्टांत दिला. रुळांवरून दोन माणसे दांडा खालीवर करत जी छोटी गाडी हाकतात, ती म्हणजे करेलिया. आणि ॲपल म्हणजे वाफेच्या इंजिनाची आगगाडी, जिच्या मालकीचे ते रूळच आहेत.

वुड यांनी २००४ मध्ये वॉटसनचे तंत्र सन मायक्रोसिस्टिम्सला विकले आणि त्याची विक्री थांबली. ज्यासाठी हे सारे घडले तो शेरलॉक तरी टिकला का? तोही नाही. ऑक्टोबर २००७ च्या लेपर्ड या आवृत्तीतून ॲपलने त्याला वगळले. दोन्ही सॉफ्टवेअर गेली, क्रियापद राहिले.

२

या हकिगतीला ‘चोरी’ म्हणावे काय? भावना तशीच होते. पण अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की वॉटसनची आज्ञावली ॲपलने उचलली नव्हती. ॲपलच्या अभियंत्यांनी स्वतंत्रपणे लिहिलेले सॉफ्टवेअर होते ते. सारखी होती ती कल्पना आणि तिची मांडणी. दुसरे असे, की इंटरनेटवरचा शोध १९९८ पासूनच शेरलॉकच्या कक्षेत होता. वॉटसनचे नावच सांगते, की त्याची कल्पना शेरलॉकच्या अंगणात रुजली. तेव्हा कोणाचे मूळ आणि कोणाची फांदी, हा वाद दोन्ही बाजूंनी लढवता येतो.

पुढच्या प्रकरणात हा गुंता आणखी वाढतो. आर्लो रोझ आणि पेरी क्लार्क यांनी २००३ साली ‘कॉन्फॅब्युलेटर’ हे सॉफ्टवेअर आणले. घड्याळ, हवामान, कॅलेंडर अशी इवलीशी साधने संगणकाच्या पडद्यावर तरंगत ठेवण्याची ती सोय होती. जून २००४ मध्ये ॲपलने ‘डॅशबोर्ड’ दाखवला, आणि तो पाहून अनेकांना कॉन्फॅब्युलेटरच आठवला. गंमत अशी, की त्याच परिषदेत ॲपलने मायक्रोसॉफ्टला चिडवणारे फलक लावले होते: रेडमंडकरांनो, आपली फोटोकॉपीची यंत्रे सुरू करा, अशा अर्थाचे. कॉन्फॅब्युलेटरकारांनी आपल्या संकेतस्थळावर रेडमंडच्या जागी ॲपलच्या गावाचे, क्युपर्टिनोचे, नाव घालून तोच टोला परतवला. तरीही ॲपलच्या बाजूने एक वजनदार मुद्दा मांडला गेला. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशमध्येच गणकयंत्र, घड्याळ, कोडे अशी छोटी ‘डेस्क ॲक्सेसरी’ साधने होती. कल्पनेची वंशावळ शोधू गेले तर ती फिरून ॲपलच्याच दारात येते.

साम्याच्या अशा प्रश्नांवर आपल्या काव्यशास्त्राने फार बारकाईने विचार केला आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दोन कवींच्या अर्थांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले: प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सारख्या चेहऱ्याच्या माणसांसारखे. पहिली दोन त्याज्य. तिसऱ्यात मात्र दोष नाही, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन माणसांना स्वतंत्र प्राण असतात. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या विषयाला तीन अध्याय दिले. त्याच्या विवेचनात परपुरप्रवेशाचा आणखी एक प्रकार येतो. मूळ वस्तू तीच, पण तिचा वेश पालटलेला. जणू एका प्राणाने दुसऱ्या देहात प्रवेश केला आहे.

ही मोजपट्टी लावली तर शेरलॉक ३ हे वॉटसनचे चित्र ठरेल. थोडा संस्कार, थोडा रंगपालट. डॅशबोर्ड कदाचित समानदेही ठरेल. चर्चा रंगेल, पण वुड यांचे जे नुकसान झाले त्याचा उलगडा तिच्यातून होणार नाही. एका कवीने दुसऱ्याचा अर्थ घेतला, म्हणून पहिल्याची कविता लोकांच्या हातातून गळून पडत नाही. वॉटसनच्या बाबतीत नेमके तेच झाले.

३

समान पातळीवरच्या दोघांत अनुकरण झाले तर काय होते, याचे उदाहरण याच व्यवसायात आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ हे कोष्टकाचे सॉफ्टवेअर आणले. आकड्यांचे तक्ते आपोआप नव्याने गणित करतात, ही आज सामान्य वाटणारी किमया त्याची. त्यावर पेटंट घेतलेले नव्हते. १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ने तीच कल्पना नव्या यंत्रावर अधिक वेगवान करून दाखवली आणि व्हिसिकॅल्कला मागे टाकले. १९८५ मध्ये लोटसने ब्रिकलिन यांची कंपनीच विकत घेतली. हे दुःखद असेल, पण अन्याय्य म्हणता येत नाही. ज्या यंत्रावर दोघे धावत होते, ते दोघांपैकी कोणाचेच नव्हते.

कायदाही याच दृष्टीने पाहतो. लेखाधिकार अभिव्यक्तीला असतो, कल्पनेला नसतो. खुद्द ॲपलने १९८८ साली मायक्रोसॉफ्टवर आपल्या पडद्याचे एकूण रंगरूप उचलल्याचा दावा लावला होता. १९९४ मध्ये अपील न्यायालयातही तो टिकला नाही. लोटसने बोरलँडवर आपल्या आज्ञांच्या मांडणीसाठी लावलेला दावाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९६ मध्ये न्यायमूर्तींची मते समसमान विभागली गेल्याने खालचा, लोटसच्या विरोधातला निकाल कायम राहिला. हे योग्यच झाले असे म्हणावे लागते. कल्पनेवर मालकी मान्य केली असती, तर सॉनेट पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या वारसांना पुढच्या प्रत्येक कवीने खंडणी द्यावी, असा तो प्रकार झाला असता.

मग वॉटसनच्या गोष्टीत खुपते ते काय? त्याचे उत्तर जॉब्ज यांच्या दृष्टांतात आहे. आगगाडी मोठी आणि ढकलगाडी छोटी, हा त्यातला गौण भाग. महत्त्वाचे आहेत ते रूळ. राजशेखराने दहाव्या अध्यायात राजाच्या कविसभेचे वर्णन केले आहे, आणि त्याचा आदर्श राजा स्वतःही कवी आहे. तो सभा भरवतो, काव्यांची परीक्षा करतो, कवींना दानमान देतो. वासुदेव, सातवाहन, शूद्रक यांचा वारसा तो राजापुढे ठेवतो. हरणाचे विवेचन लगेच पुढच्या अध्यायापासून सुरू होते. हे दोन विषय ग्रंथात शेजारी-शेजारी आहेत. ते एकत्र करून पाहिले की आपला प्रश्न नेमका समोर येतो: सभेचा यजमान, परीक्षक आणि स्पर्धक कवी एकच असेल, आणि सभेबाहेर रसिक भेटण्याची सोय उरली नसेल, तर त्याने केलेल्या हरणाला काय म्हणायचे? मे २००२ मधला पुरस्कार म्हणजे सभेतला मान होता. जुलैमध्ये यजमानाने तेच काव्य आपल्या नावाने वाचून दाखवले.

४

मालक आणि वहिवाटदार यांच्यातील ही विषमता ॲपलच्याही आधीची आहे. स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचे ‘स्टॅकर’ हे सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवरचा मजकूर दाबून बसवत असे, जेणेकरून त्याच डिस्कवर जवळजवळ दुप्पट माल मावे. डिस्क महाग असण्याच्या काळात याला मोठी मागणी होती. मायक्रोसॉफ्टने परवान्याची बोलणी केली, ती फिसकटली. मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ आले, तेव्हा त्यात ‘डबलस्पेस’ नावाची तशीच सोय होती. स्टॅकजवळ पेटंटे होती, म्हणून तिला न्यायालयात उभे राहता आले. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टने १२ कोटी डॉलर द्यावेत असा निकाल दिला.

पण त्याच निकालाचा दुसरा भागही वाचायला हवा. डॉसमधील एक अप्रकाशित सुविधा शोधून वापरल्याबद्दल, म्हणजे मालकाचे व्यापारी गुपित हस्तगत केल्याबद्दल, स्टॅकनेही मायक्रोसॉफ्टला १ कोटी ३६ लाख डॉलर द्यावेत असे ज्यूरीने ठरवले. मालकाला वहिवाटदाराचे काम उघड दिसते. वहिवाटदाराने मालकाच्या भिंतीआड पाहिले तर तो गुन्हा. जून १९९४ मध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने स्वामित्वशुल्कापोटी ४ कोटी ३० लाख डॉलर द्यायचे आणि सुमारे ४ कोटी स्टॅकमध्ये गुंतवायचे, असे ठरले. छोट्याने मोठ्याला नमवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. तेही कल्पनेच्या बळावर नव्हे, पेटंटाच्या बळावर.

जुलै २००८ मध्ये आयफोनसाठी ॲप स्टोअर सुरू झाले, आणि रुळांच्या मालकाने स्थानकाचे फाटकही आपल्या हाती घेतले. तोवर वुड यांना निदान आपले सॉफ्टवेअर आपल्या दुकानातून विकता येत होते. आता मालकाच्या परवानगीशिवाय सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचणेच अशक्य झाले. त्याचा अर्थ पहिल्याच वर्षी कळला. सप्टेंबर २००८ मध्ये ‘पॉडकास्टर’ नावाच्या ॲपला प्रवेश नाकारण्यात आला. आयट्यून्सच्या पॉडकास्ट-सोयीची ते पुनरावृत्ती करते, हे कारण दिले गेले. वास्तविक संगणकाला न जोडता थेट फोनवर पॉडकास्ट उतरवून घेण्याची सोय तेव्हा आयफोनमध्ये नव्हती. ती त्याच नोव्हेंबरमध्ये आली, ॲपलच्या स्वतःच्या नव्या आवृत्तीबरोबर. मालकाने पुढे जे करायचे ठरवले असेल, त्याचीही ‘पुनरावृत्ती’ आधीच होऊ शकते, असा हा कालविपर्यास होता.

रात्री पडद्याचा निळसर उजेड कमी करून त्याला ऊबदार छटा देणाऱ्या ‘एफ.लक्स’ची कथा याच वळणाची. संगणकांवर ते २००९ पासून होते. आयफोनवर अधिकृत मार्गाने ते येऊ शकत नव्हते, म्हणून नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी स्टोअरला वळसा घालणारी वाट दाखवली. ती विकसक-कराराचा भंग करते असे ॲपलने कळवले आणि त्यांना ती बंद करावी लागली. मार्च २०१६ मध्ये आयओएस ९.३ आले आणि त्यात ‘नाइट शिफ्ट’ होते. २०१८ मध्ये ॲपलने ‘स्क्रीन टाइम’ आणले. त्यानंतर पालकांसाठीच्या कित्येक स्वतंत्र ॲपांवर गदा आली. न्यूयॉर्क टाइम्सने एप्रिल २०१९ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार अशा सर्वाधिक उतरवून घेतलेल्या १७ ॲपांपैकी किमान ११ काढून टाकली गेली होती किंवा त्यांच्यावर निर्बंध आले होते. ही ॲपे वापरतात ते तंत्र मुलांच्या खासगीपणाला धोकादायक आहे, असे ॲपलचे उत्तर होते. त्या उत्तरात तथ्य असेलही. अडचण अशी, की धोका कोणता हे ठरवणारा आणि त्या निर्णयाने ज्याचा लाभ होतो तो, हे दोघे एकच होते.

५

दुसऱ्या बाजूचे म्हणणे दुबळे नाही. ग्राहकाला एक सोय फुकट आणि सुरक्षित मिळते. प्रणाली म्हणजे काय याची व्याख्याही काळाबरोबर वाढते. एके काळी इंटरनेटशी जोडणी करून देणारे सॉफ्टवेअरही वेगळे विकत घ्यावे लागे, आणि ते तसेच राहावे असे कोणी म्हणणार नाही. शिवाय मालकाची सोय आली म्हणून प्रत्येक स्वतंत्र ॲप मरतेच असे नाही. स्पॉटलाइट २००५ मध्ये आल्यावरही ‘लाँचबार’ टिकले आणि २०१० मध्ये ‘अल्फ्रेड’ नव्याने उभे राहिले. मालकाची सोय सर्वांसाठी असते, म्हणून ती सरासरीची असते. विशेष गरज असलेला गिऱ्हाईक तिच्यावर समाधानी नसतो.

तरीही एक हिशेब राहतोच. विहीर कुठे खणावी हे कुळ आपल्या जोखमीवर ठरवते. दहा ठिकाणी कोरडे खडक लागतात, एका ठिकाणी पाणी. मालकाला फक्त पाणी लागलेली जागा बघायची असते. कोणते ॲप किती उतरवले जाते आणि किती पैसे मिळवते, याची खातेवही दुकानाच्या मालकाजवळ आपोआप असते. त्याने कल्पना घेतली यापेक्षा ती कल्पना चालते हे ज्ञान दुसऱ्याच्या जोखमीवर मिळवले, हा लाभ मोठा आहे. असे वारंवार घडले की पुढचा शहाणा माणूस विहीर खणायलाच जात नाही. आणि न खणलेल्या विहिरीची नोंद कोणत्याच इतिहासात होत नाही.

अलीकडच्या कायद्यांनी नेमके हेच हेरले आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमधील बंधने मार्च २०२४ पासून ॲपलसह मोठ्या कंपन्यांना लागू झाली. तो कायदा अनुकरणावर बंदी घालत नाही. कलम ६(२) एवढेच सांगते, की आपल्या मंचावरील व्यावसायिकांची जी अप्रकाशित माहिती द्वारपालाकडे जमते, ती त्याने त्यांच्याशीच स्पर्धा करण्यासाठी वापरू नये. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारच्या समितीने प्रसिद्ध केलेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यातही याच आशयाची तरतूद होती. ‘चोरी’ हा शब्द यांत कुठेही लागत नाही. दोष कल्पना घेण्यात शोधण्याऐवजी घेणाऱ्याच्या स्थानात शोधला आहे, आणि वाङ्मयचौर्याच्या चर्चेला हीच मिती बहुधा सुटलेली असते. प्रकाशकाने नवोदिताचे हस्तलिखित परत पाठवावे आणि त्याच्या मध्यकल्पनेवर दुसऱ्याकडून पुस्तक लिहून घ्यावे, मार्गदर्शकाने विद्यार्थ्याची टिपणे आपल्या निबंधात वितळवावीत, अशा वेळी आपण दोन मजकूर शेजारी ठेवून साम्य मोजत बसतो. कोणाच्या हाती फाटक होते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आता पुन्हा त्या क्रियापदांकडे. बॉयकॉट आणि शेरलॉक, दोन्ही शब्द जमिनीचा मालक आणि तिच्यावर राबणारा यांच्या संबंधातून आले, आणि दोन्ही राबणाऱ्यांच्या बाजूने प्रचारात आले. पण त्यांच्या व्याकरणात फरक आहे. बहिष्कार ‘टाकला’ जातो; तेथे कर्ता उभा असतो, आणि तो अनेकवचनी असतो. शेरलॉक ‘होते’, इंग्रजीतही ते बहुतेक कर्मणी प्रयोगातच ऐकू येते, जणू वादळात सापडावे तसे. विकसक एकएकटा असतो आणि त्याची जागा पुढच्याच आठवड्यात दुसरा घेतो. मेयोच्या गावकऱ्यांजवळ जे होते ते त्याच्याजवळ अजून नाही.